आधी सांगा, मग पैसे घ्या

इलेक्ट्रॉनिक वस्तू बनवणाऱ्या, ऑनलाइन विकणाऱ्या, पार्सल पुढे पाठवणाऱ्या आणि कुरिअर चालवणाऱ्या सर्व कंपन्यांना,

स.न.वि.वि.

नोकरी-शिक्षणापायी आपला देश सोडून दुसरीकडे राहणारी माणसे लॅपटॉप, फोन, कॅमेरा तिसऱ्याच देशातून मागवतात, यात आता नवल राहिलेले नाही. राहत्या देशात हवे ते मॉडेल येत नाही. आले तर सवयीचा कीबोर्ड त्यावर नसतो. कधी किमतीत एवढी तफावत असते की पाठवणावळ आणि कर मोजूनही बाहेरून घेणे परवडते. हे गिऱ्हाईक तुम्हालाही हवे आहे, म्हणून तर 'जगभर घरपोच' अशी पाटी तुमच्या दुकानांवर झळकते. पैसे चुकते झाले की मग एकेक गोष्ट कळू लागते. फोनला इथल्या टॉवरचा बँडच, म्हणजे रेडिओलहरींचा ठरावीक पट्टाच, नाही. बॅटरीमुळे पार्सल विमानात चढत नाही. कर वेगळा द्यायचा आहे. हमी दुसऱ्या देशापुरती आहे. आणि माल परत करायची मुदत तर पार्सल विक्रेत्याच्या देशात, ते पुढे पाठवणाऱ्या कंपनीच्या गोदामात पडून असतानाच संपली.

अशी पार्सले मागवणे, दुसऱ्यांना मागवून देणे आणि अडकली की सोडवून आणणे हे आमचे नेहमीचे काम आहे. नियम कडक आहेत ही आमची तक्रार नाही. बहुतेक नियमांना कारणे आहेत आणि ती आम्हाला पटतात. तक्रार अशी आहे की वस्तू परदेशात चालेल का, पोहोचेल का आणि बिघडली तर दुरुस्त होईल का, हे ठरवणारी जवळजवळ सगळी माहिती विक्रीच्या क्षणी तुमच्या हातात असते, आणि ती तुम्ही ग्राहकाला पैसे घेतल्यानंतर देता. कधी कधी तेव्हाही देत नाही.

सुरुवात फोनपासून करू, कारण सर्वांत जास्त घोटाळा तिथेच होतो.

एकाच नावाचा फोन तुम्ही चार-पाच मॉडेल क्रमांकांनी विकता. बाहेरून सगळे सारखे, आतला रेडिओ, म्हणजे सिग्नल पकडणारा भाग, वेगळा. युरोपात फोरजीसाठी बँड ३, ७, २० आणि २८ महत्त्वाचे. अमेरिकेत २, ४, १२, १३, ६६ आणि ७१. भारतात ३, ५, ८, ४० आणि ४१. एखादा बँड नसला म्हणून फोन बंद पडत नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. शहरात, उघड्यावर सगळे सुरळीत चालते. तळघरात, गावाबाहेर, जाड भिंतींच्या इमारतीत मात्र सिग्नल जातो, कारण दूरवर आणि भिंतीपार पोहोचणारे ६०० ते ९०० मेगाहर्ट्झचे बँड नेमके त्या मॉडेलात नसतात. ग्राहक सिम बदलतो, कंपनी बदलतो, सेटिंग पुन्हा पुन्हा खालीवर करतो. दोष यांपैकी कशातच नसतो.

बँड जुळले तरी भागत नाही. टूजी-थ्रीजी बंद झालेल्या देशांत साधा कॉलसुद्धा फोरजीवरून, म्हणजे व्होल्टीने जातो. त्यासाठी त्या त्या नेटवर्कची जुळणी फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये आधीच भरलेली असावी लागते. ती नसेल तर इंटरनेट झकास चालते आणि कॉल लागत नाही. ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०२४ मध्ये उरलेसुरले थ्रीजी बंद झाले, तेव्हा ज्या फोनवरून फोरजीने ००० हा आपत्कालीन क्रमांक लागत नाही अशा फोनना सेवा नाकारणे मोबाइल कंपन्यांवर बंधनकारक झाले. बाहेरून आणलेले, धडधाकट फोनही त्यात गेले. कोणत्या मॉडेलवर कोणत्या देशातल्या कोणत्या नेटवर्कचे व्होल्टी चालते, याची यादी उत्पादकाकडे असते. विक्रीच्या पानावर ती आम्हाला क्वचितच दिसते.

सिमची गत तीच. अमेरिकेत विकला जाणारा आयफोन २०२२ च्या चौदाव्या मालिकेपासून प्रत्यक्ष सिम घेतच नाही, फक्त ई-सिम, म्हणजे फोनमध्येच असलेले डिजिटल सिम, वापरतो. मुख्य भूमी चीनमध्ये विकल्या जाणाऱ्या बहुतेक आयफोनमध्ये याच्या उलट दोन प्रत्यक्ष सिमची सोय असते आणि ई-सिम नसते. ज्या देशातली मोबाइल कंपनी ई-सिम देत नाही तिथे पहिला फोन बिनकामाचा, आणि जो प्रवासात ई-सिमवर विसंबून असतो त्याला दुसरा. काही कंपन्यांचे फोन पहिल्या वेळी विक्रीच्या प्रदेशातलेच सिम घालून चालू करावे लागतात. ही सूचना खोक्यावरच्या चिकटपट्टीवर बारीक अक्षरांत असते. खोके हातात येईपर्यंत ती वाचायची कुणी आणि कशी?

यावर आणखी आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनच्या स्वतंत्र ओळख क्रमांकाची, नोंदणी. प्रवाशाने तुर्कस्तानात आणलेला फोन नोंदवला नाही तर १२० दिवसांनी बंद होतो. पाकिस्तानात ही मुदत ६० दिवसांची आहे. इंडोनेशियात बाहेरून आलेल्या फोनचा आयएमईआय सीमाशुल्क खात्यामार्फत नोंदवावा लागतो. नोंदणीचे शुल्क फोनच्या किमतीच्या मानाने जबर असू शकते. पत्त्याच्या रकान्यात यांपैकी देश निवडला की एक ओळ समोर यावी, एवढी साधी गोष्ट तुमच्या संगणकांना जड जाऊ नये. 'हे मॉडेल तुमच्या पत्त्यावर पाठवता येत नाही' असे सांगायला ते एरवी तत्पर असतातच.

फोनवर एवढे लिहिल्यावर बाकीच्या रेडिओंबद्दल थोडक्यात. अमेरिकेसाठी बनलेल्या पुष्कळ उपकरणांना २.४ गिगाहर्ट्झ वाय-फायवर १२ आणि १३ हे चॅनल दिसत नाहीत, युरोपातले राउटर मात्र ते वापरतात. उपाय सोपा आहे. राउटर १, ६ किंवा ११ वर कायम करायचा. पण कारणच माहीत नसल्यामुळे माणसे उपकरण सदोष समजून परत पाठवतात, आणि तो खर्च तुम्हीही सोसता. झेड-वेव्ह जातीची घरगुती उपकरणे युरोपात ८६८ मेगाहर्ट्झवर चालतात आणि अमेरिकेत ९०८ वर. एकीकडचा स्विच दुसरीकडच्या हबला, म्हणजे सगळी उपकरणे चालवणाऱ्या मध्यवर्ती यंत्राला, कधीच सापडणार नाही. घरातल्या बिनतारी लँडलाइन (डेक्ट) फोनचा पट्टाही दोन्हीकडे वेगळा आहे आणि चुकीच्या देशात तो वापरणे बेकायदा ठरते. दूरचित्रवाणी संचाचा ट्यूनर प्रसारणाच्या पद्धतीप्रमाणे कुठे डीव्हीबी-टी२, कुठे एटीएससी, कुठे आयएसडीबी-टी. ब्लू-रे प्लेअरला ए, बी, सी असे तीन प्रदेश. काही प्रिंटर शाईच्या कार्ट्रिजवरही प्रदेशाची नोंद तपासतात, म्हणजे प्रिंटर चालतो आणि पहिली शाई संपली की थांबतो. शेवटच्या बाबतीत तर तांत्रिक कारण सांगण्यासारखेही काही नाही.

आता विजेचे. लॅपटॉप आणि फोन यांच्या अ‍ॅडॉप्टरवर बहुधा '१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' असे छापलेले असते. ते असले की फक्त पिनांचा प्रश्न उरतो. त्यातही प्लगवर प्लग चढवणारा तकलादू जोड घेण्यापेक्षा अ‍ॅडॉप्टरला लागणारी वायरच राहत्या देशातली घ्यावी. उपकरणाकडचे टोक जगभर ठरलेल्या आकारांचे असते: इंग्रजी आठाच्या आकाराचे सी७, तीन गोल पाकळ्यांचे सी५, डेस्कटॉपचे सी१३. तुम्ही वस्तूच्या पानावर 'सी५' एवढे लिहिले तरी ग्राहक वायर आधीच आणून ठेवील.

पण ज्यात तापणारी तार किंवा मोठी मोटर आहे, त्याचे गणित वेगळे. जपानात १०० व्होल्ट, अमेरिकेत १२०, युरोपात २३०. १२० व्होल्टचा हीटर २३० वर लावला तर वीज दुपटीने खेचली जात नाही, व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात खेचली जाते, म्हणजे साडेतीन पटींहून अधिक. तार काही क्षणांत जळते. लेझर प्रिंटर इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या रांगेत विकला जातो, पण कागदावर शाई पक्की करणारा त्याचा फ्यूजर हीटरच असतो. म्हणून तो बहुधा एकाच व्होल्टेजचा बनवतात. त्याला ट्रान्सफॉर्मर लावायचा तर हजार वॅटच्या पुढचा आणि कित्येक किलो वजनाचा घ्यावा लागतो. प्रवासात मिळणारे हलके 'कन्व्हर्टर' विजेच्या लाटेचा तुकडा कापून व्होल्टेज कमी झाल्यासारखे दाखवतात. केस वाळवायच्या यंत्राला ते कसेबसे चालतात, इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा मात्र घात करतात. हर्ट्झचा फरक तर ट्रान्सफॉर्मरनेही जात नाही. ६० वर बेतलेली साधी मोटर ५० वर एक-षष्ठांशाने मंद फिरते. जपानात पूर्वेला ५० आणि पश्चिमेला ६० असल्यामुळे तिथे एकाच देशात ही अडचण उभी राहते.

तुम्हाला हे एकसारखे करता येत नाही, असे आम्ही मानत नाही. युरोपीय संघाने कायदा केला आणि २८ डिसेंबर २०२४ पासून फोन, टॅबलेट, कॅमेरे यांना यूएसबी-सी चार्जिंग आले, लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरली. कायदा झाला तेव्हा अशक्य म्हणवले जाणारे काम शक्य झाले. आम्ही तर वस्तू बदलायलाही सांगत नाही, फक्त वस्तूच्या पाठीवर छापलेली ओळ विक्रीच्या पानावर छापायला सांगतो.

बॅटरीच्या बाबतीत आम्ही जरा विस्ताराने लिहितो, कारण पार्सल अडण्याचे हे एक मोठे कारण आहे आणि 'सुरक्षेच्या कारणास्तव रद्द' या तीन शब्दांपलीकडे ग्राहकाला काही सांगितले जात नाही.

लिथियम-आयन बॅटरी सुटी असेल तर धोकादायक मालाच्या यादीत तिचा क्रमांक यूएन ३४८०. उपकरणासोबत पण वेगळी ठेवलेली किंवा उपकरणात बसवलेली असेल तर यूएन ३४८१. १ एप्रिल २०१६ पासून सुट्या बॅटऱ्या प्रवासी विमानांतून माल म्हणून नेण्यास बंदी आहे. मालवाहू विमानातही त्या ३० टक्क्यांहून अधिक चार्ज केलेल्या चालत नाहीत. पॉवर बँक दिसते उपकरणासारखी, पण नियमाच्या लेखी ती सुटी बॅटरीच. त्यामुळे 'फोनसोबत पॉवर बँक मोफत' ही तुमची सवलत परदेशी ग्राहकाच्या गळ्यातले लोढणे होते: फोन जाऊ शकला असता, पॉवर बँकेने सगळे पार्सल अडवले. २०२६ च्या सुरुवातीपासून उपकरणासोबत वेगळ्या ठेवलेल्या बॅटऱ्यांनाही, अगदी लहान सोडल्या तर, ३० टक्क्यांची मर्यादा सक्तीची झाली आहे. म्हणजे कॅमेऱ्याबरोबर जादाची बॅटरी एकाच खोक्यात घातली की नियम बदलतो. आंतरराष्ट्रीय टपालाने तर फक्त उपकरणात बसवलेल्या बॅटऱ्याच जातात, तेही दोन्ही देशांची टपालखाती तयार असतील तर.

१०० वॅट-तास ही मर्यादा लक्षात ठेवायला सोपी आहे. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास म्हणजे वॅट-तास. ३.७ व्होल्टची २०,००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी ७४ वॅट-तासांची होते. मोठ्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या नेमक्या ९९ वॅट-तासांच्या आसपास का असतात, त्याचे उत्तर यात आहे. त्यापलीकडे गेले की पार्सल पूर्ण धोकादायक मालाच्या नियमांत जाते. गेमिंग लॅपटॉप, विजेवर चालणाऱ्या स्कूटर, ड्रोनच्या बॅटऱ्या विकणाऱ्यांनी वॅट-तासांचा आकडा न छापणे म्हणजे निव्वळ आळस आहे.

पार्सल पुढे पाठवणाऱ्या कंपन्यांनो, इथे तुमचा भाग येतो. पाठवणावळ वाचवायची म्हणून तुम्ही तीन पार्सले फोडून एका खोक्यात भरता. उपकरणात बसवलेल्या चार सेल किंवा दोन बॅटऱ्यांपर्यंतच्या खोक्याला, आणि एका खेपेत अशी दोनच खोकी असतील तर, लिथियम बॅटरीची खूण लावावी लागत नाही. तिसरा लॅपटॉप त्याच खोक्यात गेला की खूण लागते आणि हवाई पावतीवर तशी नोंदही लागते. तुमचा पॅकिंग करणारा माणूस मूळ खोक्यावरची खूण फेकून देतो, नव्यावर लावत नाही, आणि पार्सल विमानतळावर मागे फिरते. परत गोदामात आल्यावर त्याचे साठवणभाडे मात्र ग्राहकाच्या खात्यावर पडते. एकत्र भरण्याची कळ पडद्यावर दाखवण्याआधी आत काय आहे हे तुमच्या यंत्रणेने तपासले पाहिजे. यंत्रणेला ते जमत नसेल तर माणसाने तपासावे.

वजनाचेही सांगा. हवाई कुरिअर बहुधा लांबी, रुंदी आणि उंचीचा सेंटिमीटरमधला गुणाकार भागिले ५००० असे वजन धरते आणि खऱ्या वजनापेक्षा ते जास्त असेल तर त्यावर पैसे घेते. ६० बाय ४० बाय ३० च्या खोक्यातला तीन किलोचा स्पीकर १४.४ किलोच्या भावाने जातो. विक्रेत्याने खोके निष्काळजीपणे निवडले याचा भुर्दंड ग्राहकाने का भरायचा? पॅक केलेल्या खोक्याची मापे तुमच्या गोदामाला आधीपासून माहीत असतात. ती पानावर येऊ द्या.

करांचा गोंधळ बराचसा तुमच्या मौनामुळे होतो. 'सीमाशुल्क ग्राहकाने भरावे' हे वाक्य खरे असले तरी अपुरे आहे. १९९६ च्या माहिती तंत्रज्ञान करारामुळे ८० हून अधिक देशांत संगणक आणि फोन यांच्यावर सीमाशुल्क शून्य असते. ते वाचून माणूस निर्धास्त होतो. पण मूल्यवर्धित कर वेगळा असतो, आणि तो नुसत्या वस्तूवर नव्हे, वस्तू, पाठवणावळ आणि विमा यांच्या बेरजेवर लागतो. वस्तू १००० युरोची, पाठवणावळ ६०, विमा १०, कर २० टक्के, तर २१४ युरो भरायचे. कुरिअरने कर आगाऊ भरला म्हणून त्याचे हाताळणी शुल्क त्यावर आणखी. हे शुल्क दारात आलेला माणूस सांगतो, त्याआधी कुणी नाही.

यात भर म्हणून विक्रेत्याने आपल्या देशाचा करही लावलेला असतो, कारण माल त्याच देशातल्या, पार्सल पुढे पाठवणाऱ्या कंपनीच्या गोदामात गेला. निर्यात होणाऱ्या मालावर हा कर बहुतेक ठिकाणी लागत नाही किंवा परत मिळतो. थेट परदेशी पत्त्यावर पाठवलात तर तुम्ही तो वगळू शकता. पण थेट पाठवायची तुमची तयारी नसते, म्हणून ग्राहक मधल्या गोदामाकडे जातो आणि दोन देशांचे कर भरतो.

कर तुम्ही विक्रीच्या वेळी घेऊ शकता हे सिद्ध झालेले आहे. १ जुलै २०२१ पासून युरोपीय संघात १५० युरोपर्यंतच्या मालावरचा कर विक्रेत्याने आधीच घेऊन भरायची सोय आहे. ब्रिटनने १३५ पौंडांपर्यंत तशीच पद्धत त्याच वर्षीच्या जानेवारीपासून लावली. महाग वस्तूंसाठी डीडीपी, म्हणजे सर्व कर भरून घरपोच, ही पद्धत आहेच. ती देत नसाल तर निदान 'डीएपी (घरपोच, पण कर न भरता), कर वेगळा' असे ठळक लिहा आणि अंदाजे आकडा दाखवा. नियम एका रात्रीत बदलतात हेही आम्हाला ठाऊक आहे. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतची करसूट २९ ऑगस्ट २०२५ पासून सर्व देशांसाठी थांबवली, तेव्हा अनेक देशांच्या टपालखात्यांनी तिकडची पार्सले काही काळ घेणेच बंद केले. अशा वेळी वाटेत असलेल्या पार्सलांच्या मालकांना एक निरोप धाडणे तुमच्या हातात असते.

सीमाशुल्काच्या घोषणापत्रावर 'इलेक्ट्रॉनिक्स' किंवा 'गॅजेट' असे लिहून मोकळे होऊ नका. स्मार्टफोनसाठी ८५१७.१३, लॅपटॉपसाठी ८४७१.३० असे सहा अंकी संकेतांक जगभर एकच आहेत. तो अंक, मॉडेलचे पूर्ण नाव, अनुक्रमांक आणि प्रत्यक्ष भरलेली किंमत एवढे असले की बहुतेक पार्सले बिनबोभाट सुटतात. 'भेटवस्तू' लिहून किंमत कमी दाखवायला सांगणारे ग्राहकही असतात. त्यांना नाही म्हणा. हरवल्यावर विमा त्या लिहिलेल्या किमतीचाच मिळतो, हे त्यांना त्याच वेळी ऐकवा.

विम्यावरून आठवले. हवाई मालासाठी मॉन्ट्रियल करारात वाहकाची जबाबदारी किलोमागे ठरलेली आहे. २८ डिसेंबर २०२४ पासून ती किलोला २६ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक) आहे, आधी २२ होती. अर्ध्या किलोच्या पार्सलातला महागडा फोन हरवला आणि विशेष मूल्य जाहीर केलेले नसेल, तर हिशेब १३ एसडीआरचा. 'विमा हवा का?' या प्रश्नाशेजारी हा आकडा लिहिलात तर नको म्हणणारे फार थोडे उरतील.

परत करायच्या मुदतीबद्दल. युरोपीय संघात ऑनलाइन घेतलेला माल १४ दिवसांत परत करता येतो, आणि ग्राहकाने सांगितलेल्या माणसाच्या ताब्यात माल गेला की दिवस मोजायला सुरुवात होते. गोदामाचा पत्ता दिला तर हा माणूस म्हणजे गोदाम. नोंद, छायाचित्र, एकत्र भरणे, पुढचे विमान, सीमाशुल्क हे सगळे होऊन वस्तू खऱ्या मालकाच्या हाती येते तेव्हा मुदत सरलेली असते. कायदा तुमच्या बाजूने असेल, पण कायद्याहून अधिक मुदत द्यायला तुम्हाला कुणी अडवलेले नाही. सणासुदीच्या विक्रीत तुम्ही ती स्वतःहून वाढवता. गोदामवाल्यांनी एवढे करावे की माल आल्या दिवशी, सील न फोडता, मॉडेल क्रमांक आणि अनुक्रमांक वाचता येतील असे छायाचित्र पाठवावे. चुकीचे मॉडेल आले तर ते त्याच देशात असताना परत करता येते. समुद्र ओलांडल्यावर कळून उपयोग नाही.

सर्वांत मोठी फसगत हमीची. लॅपटॉपला अनेक कंपन्या जगभर हमी देतात, फोनला बऱ्याचदा देत नाहीत. एकाच कंपनीचे दोन नियम एकाच पानावर दोन वेगळ्या दुव्यांआड असतात. 'आंतरराष्ट्रीय हमी' लिहिलेल्या ठिकाणीही बारीक अक्षरांत 'जिथे ते मॉडेल विकले जाते तिथेच' अशी अट असते. म्हणजे ज्याने ते मॉडेल राहत्या देशात मिळत नाही म्हणून बाहेरून घेतले, त्यालाच ती हमी लागू नाही. सुटे भाग नाहीत हे कारण आम्हाला समजते. मग विकतानाच सांगा.

'खरेदीच्या देशात पाठवा' या उत्तराचा तर कुणी विचारच केलेला दिसत नाही. बॅटरी फुगली म्हणून लॅपटॉप दुरुस्तीला द्यायचा आहे, असे धरा. सदोष किंवा धोकादायक ठरलेली लिथियम बॅटरी हवाई मार्गाने पाठवायला सक्त मनाई आहे. म्हणजे तुमची हमी ग्राहकाला जो एकच मार्ग दाखवते तो नियमाने बंद आहे. २०१६ साली सॅमसंगने नोट ७ परत बोलावले तेव्हा ते फोन विमानात चढू शकत नव्हते, त्यासाठी आगरोधक खोकी द्यावी लागली आणि जमिनीवरून वाहतूक करावी लागली. म्हणजे ही अडचण उद्योगाला पुरती माहीत आहे. बॅटरीशी संबंधित प्रत्येक तक्रार ग्राहकाच्या राहत्या देशातच सोडवली गेली पाहिजे. याला दुसरा पर्याय नाही.

बॅटरी शाबूत असून दुसरेच काही बिघडले, तरी कागदांत ठेच लागते. दुरुस्त होऊन परत आलेल्या वस्तूवर पूर्ण किमतीचा कर पुन्हा आकारला जातो, कारण तुमच्या दुरुस्ती केंद्राने बिलावर नव्या वस्तूसारखी किंमत लिहिलेली असते. जाताना दुरुस्तीसाठी तात्पुरती निर्यात म्हणून नोंद आणि अनुक्रमांक, येताना तोच अनुक्रमांक आणि 'हमीतली दुरुस्ती, मोबदला नाही' हा शेरा, एवढ्याने बहुतेक देशांत हा भुर्दंड टळतो. तुम्ही यंत्रच बदलून दिले तर अनुक्रमांक बदलतो. तेव्हा जुना आणि नवा असे दोन्ही त्याच कागदावर हवेत.

पैसे भरताना होणारा त्रास लहान आहे, पण रोजचा आहे. कार्डाचा पत्ता पडताळणारी यंत्रणा मुख्यतः घर क्रमांक आणि पिन कोडातले अंक जुळवते. ती थोड्याच देशांतल्या कार्डांना लागू पडते, इतरांना 'संशयास्पद' ठरवून ऑर्डर रद्द होते आणि पैसे कित्येक दिवस अडकतात. पिन कोड नसलेले देश जगात आहेत, तरी तुमचा रकाना सक्तीचा. चलन बदलून 'तुमच्या चलनात भरा' असा पर्याय आधीच खूण करून ठेवणे तर सरळ बंद करा.

आमच्या मागण्या अशा:

१. फोन, लॅपटॉप आणि बॅटरी असलेल्या प्रत्येक वस्तूच्या पानावर पूर्ण मॉडेल क्रमांक, बँड, सिमचा प्रकार, व्होल्टेज, वॅट-तास आणि पॅक केलेल्या खोक्याची मापे पैसे भरण्याआधी दिसावीत. विक्रेत्याने सांगितला त्याच क्रमांकाचे मॉडेल पाठवावे. 'किंवा समतुल्य' चालणार नाही.

२. पत्त्याचा देश निवडताच तीन उत्तरे मिळावीत: हे तिथे चालेल का, एकूण कर साधारण किती, हमी तिथे मिळेल का. उत्तर 'नाही' असेल तरी चालेल. निवड ग्राहक करील.

३. परदेशी ग्राहकासाठी परतीची मुदत माल त्याच्या हाती पडल्यापासून मोजावी. गोदामामार्फत जाणाऱ्या मालाला निदान ३० दिवस द्यावेत.

४. बॅटरीच्या तक्रारी राहत्या देशात सोडवाव्यात. तिथे केंद्र नसेल तर स्थानिक दुरुस्तीचा खर्च बिलावर परत करावा.

५. पार्सल नाकारले गेले तर कोणत्या नियमाखाली नाकारले ते लेखी कळवावे. चूक पॅकिंगची असेल तर साठवणभाडे आणि परतीची पाठवणावळ ग्राहकाकडून घेऊ नये.

हे सगळे एका दिवसात होणार नाही, हे कळते. पहिल्या आणि पाचव्या मागणीला मात्र नवे तंत्र, नवा कायदा, नवा करार यांतले काहीच लागत नाही. ती माहिती आज तुमच्याच गोदामातल्या पडद्यावर आहे. तेव्हा त्या दोन मागण्या तुम्ही कोणत्या तारखेपासून अमलात आणणार, हे जाहीरपणे कळवावे. पत्र उघड आहे, उत्तरही उघड असावे.

कळावे,

आपले,
देशाबाहेर राहणारे ग्राहक